गायोच्या डोंगरातील कॉफीचा हंगाम : व्हिसापासून वाळवणापर्यंत

२०२४ मध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मी इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला, आचे प्रांतातल्या गायो डोंगराळ भागात, एका लहानशा कॉफी पिकवणाऱ्या गावात राहिले. पुण्यात माझा घरगुती स्वरूपाचा कॉफी भाजण्याचा व्यवसाय आहे. परतल्यापासून अनेकांनी, विशेषतः बायकांनी, तेच तेच प्रश्न विचारले आहेत : शरियत कायदा असलेल्या प्रांतात एकटी हिंदू बाई कशी राहू शकते, कोणता व्हिसा लागतो, किती खर्च येतो आणि खेड्यात कोणाच्या घरी, कोणाच्या ओळखीने जायचे. जाण्यापूर्वी मलाही हेच प्रश्न पडले होते आणि मराठीत कोठेही उत्तर सापडले नव्हते. म्हणून जे जसे घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

गायोच का, हे आधी सांगते. जगात बहुतेक ठिकाणी कॉफीचे बी टरफलासकट पूर्ण वाळवतात आणि मगच टरफल काढतात. सुमात्रात मात्र बी अर्धवट ओले असतानाच टरफल काढून टाकतात आणि उघडे बी वाळवतात. या पद्धतीला तेथे ‘गिलिंग बासाह’ म्हणतात. सुमात्रातील कॉफीची जड, मातकट, कमी आंबट चव बरीचशी यातूनच येते. ही पद्धत मला प्रत्यक्ष पाहायची होती. शिवाय इंडोनेशियात कॉफी गेली ती आपल्याच मलबार किनाऱ्यावरून : डचांनी १६९६ आणि १६९९ मध्ये तेथून रोपे जावाला नेली. गायोच्या डोंगरात ती फार उशिरा, १९०४ च्या लष्करी मोहिमेने डचांनी हा भाग ताब्यात घेतल्यानंतरच्या दशकांत पोहोचली. आज आचे तेंगाह, बेनेर मेरिया आणि गायो लुएस या तीन जिल्ह्यांत घरोघरी अरेबिका जातीच्या कॉफीच्या बागा आहेत. मोठे मळे नाहीत. एकेका कुटुंबाची एक-दोन हेक्टरची बाग, आणि तीही पुष्कळदा घरातल्या बाईच्या देखरेखीखाली.

तयारीची सुरुवात जुलै २०२४ मध्ये झाली. एका कॉफी प्रदर्शनात ओळख झालेल्या शेतकरी सहकारी संस्थेला मी इंडोनेशियन भाषेत पत्र लिहिले. उत्तर यायला जवळजवळ एक महिना लागला आणि त्यात होकाराऐवजी प्रश्नच होते : तुम्ही एकट्या येणार की पतीसोबत, काय खाता, थंडी सोसते का, किती काळ राहणार आणि कशासाठी. सुरुवातीला मला हा संशय वाटला. पुढे गावात राहिल्यावर कळले की ज्या घरात मला ठेवायचे त्या घरातील बाईला हे सारे आधी सांगणे त्यांना आवश्यक वाटत होते, आणि ते योग्यच होते. सप्टेंबरच्या मध्यावर संस्थेचे पत्र आले. हंगाम ऑक्टोबरमध्ये जोर धरतो, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरात असतो, तेव्हा त्याच सुमारास या, असे त्यात लिहिले होते.

व्हिसाचा अर्ज मी ३ ऑक्टोबरला इंडोनेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर केला. भारतीयांना ‘आगमनानंतरचा व्हिसा’ मिळतो आणि त्याचा अर्ज आधीच ऑनलाइन करता येतो. शुल्क ५,००,००० रुपिया, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण २,७०० रुपये. मुदत तीस दिवसांची आणि एकदाच तीस दिवसांनी वाढवता येते. पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा आणि परतीचे तिकीट काढलेले असावे. या व्हिसावर फिरणे, बैठका घेणे, माल पाहून खरेदी करणे चालते. मोबदला घेऊन काम करणे चालत नाही. म्हणून कोणाच्याही बागेत मजुरीने फळे तोडणार नाही, फक्त ज्या घरी राहते त्यांच्यासोबत शिकण्यासाठी जाईन, असे मी संस्थेला लेखी कळवले. हे कळवण्याचा सल्ला मी प्रत्येकाला देईन, कारण गावातील कोणीही विचारले तर संस्थेकडे दाखवायला कागद असतो. विमानात बसण्यापूर्वी सीमाशुल्काचा ऑनलाइन फॉर्म आणि त्या काळात मंकीपॉक्समुळे सुरू असलेला आरोग्याचा फॉर्म असे दोन क्यूआर कोड तयार ठेवावे लागले.

१४ ऑक्टोबरला मुंबईहून क्वालालंपूरमार्गे सुमात्रातील मेदान या मोठ्या शहरात पोहोचले. जाण्यायेण्याचे तिकीट बत्तीस हजारांच्या आसपास पडले. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असल्यामुळे मलेशियात इमिग्रेशनला उभे राहावे लागले नाही. मेदानमध्ये दोन कामे आवर्जून करावीत. पहिले म्हणजे सिमकार्ड दूरसंचार कंपनीच्या अधिकृत केंद्रातूनच पासपोर्ट दाखवून घ्यावे, म्हणजे परदेशी हँडसेट नव्वद दिवस चालतो. फुटपाथवरून घेतलेले सिम काही दिवसांत बंद पडू शकते. दुसरे म्हणजे रोख रक्कम. २०१८ च्या एका प्रांतिक कायद्यामुळे आचेत फक्त इस्लामी पद्धतीच्या बँका चालतात. इतर बँकांनी २०२१ पर्यंत तेथील शाखा आणि एटीएम बंद केली. आपले कार्ड तेथील प्रत्येक यंत्रात चालेलच असे नाही. मी लागणारी बहुतेक रक्कम मेदानमध्येच काढली आणि ती तीन ठिकाणी विभागून ठेवली.

मेदानहून गायो डोंगरातल्या तकेंगोन या शहराला रात्रीची मिनीबस जाते. मी ३,००,००० रुपिया भाडे दिले. किनाऱ्याकिनाऱ्याने लांग्सा, ल्होकसुमावे अशी शहरे मागे टाकत पहाटे बिरेउनला गाडी वळते आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटरचा घाट सुरू होतो. घाट लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसावे. उजाडता उजाडता पाइनची जंगले दिसू लागली, हवा गार झाली आणि मग खाली लाउत तावार हे विस्तीर्ण तळे आणि त्याच्या काठचे तकेंगोन दिसले. तकेंगोन समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरहून उंचावर आहे. माझे गाव त्याहून वर, पेगासिंगच्या पुढे अतु लिंतांगच्या वाटेवर. विषुववृत्त जवळ आहे म्हणून केवळ सुती कपडे घेऊन येणाऱ्यांचे रात्री हाल होतात. लोकरीचा स्वेटर आणि पायमोजे लागतातच.

मला सर्वाधिक धास्ती होती ती गावातल्या नोंदणीची. इंडोनेशियात पुष्कळ गावांच्या वेशीवर ‘पाहुण्याने चोवीस तासांच्या आत नोंद करावी’ अशी पाटी असते आणि ती शोभेची नसते. संस्थेतील एक कार्यकर्ती मला गावप्रमुखांकडे घेऊन गेली. गायो भागात गावप्रमुखाला ‘रेजे’ म्हणतात. रेजे कामासाठी तकेंगोनला गेले होते, म्हणून आम्ही त्यांच्या ओसरीवर सकाळपासून दुपार टळेपर्यंत बसून होतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून हात मिळवत होता, कोठून आलात विचारत होता, आणि कोणी ना कोणी कॉफी आणून ठेवत होते. तेव्हा ही वाट पाहणे मला वेळेचा अपव्यय वाटले होते. पण संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला मी कोण, कोठली, कोणाकडे उतरले आहे हे ठाऊक झाले होते, आणि पुढे मला एकदाही रस्त्यात कोणी अडवले नाही.

गायो समाजात गावाचा कारभार ‘साराक ओपात’ या चौकटीत चालतो : न्यायनिवाडा पाहणारा रेजे, धर्मकार्य पाहणारा इमेम, लोकांच्या अडीअडचणींची चौकशी करणारा जाणता पेतुए आणि सहमती देणारी रयत. माझ्या नोंदीच्या वेळी रेजे आणि इमेम दोघेही बसले. पासपोर्ट, व्हिसा आणि संस्थेचे पत्र यांच्या प्रती घेतल्या, एक प्रत पोलीस ठाण्याकडे पाठवायची म्हणून वेगळी ठेवली. शुल्क काहीही नव्हते. इमेमनी तीन गोष्टी अगदी सौम्य स्वरात सांगितल्या : अंगभर कपडे घालावेत, मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, एकटीने बाहेर पडू नये, आणि गाव सोडताना सांगून जावे. मी मुस्लिम नसल्याने डोके झाकण्याची सक्ती नव्हती. तरी ओढणी खांद्यावर ठेवण्याची मला सवय होतीच. मशिदीजवळून जाताना किंवा कोणाच्या घरी कुराणपठण असताना मी ती डोक्यावर घेत असे. नात्यात नसलेल्या स्त्री-पुरुषांनी एकांतात राहणे आचेत गुन्हा ठरतो, त्यामुळे राहण्याची जागा निवडताना स्त्रीप्रधान घर मिळेल असे पाहावे. प्रवासात चालकासोबत जाताना मीही घरातील कोणाला तरी सोबत घेत असे.

ज्या घरात मी राहिले ते साठीच्या पुढील एका विधवा बाईंचे होते. तेथे आईला ‘इने’ म्हणतात आणि मीही त्यांना पहिल्या दिवसापासून इनेच म्हटले. त्यांची सून मला ‘अका’, म्हणजे ताई, म्हणे. २ जुलै २०१३ च्या ६.१ तीव्रतेच्या भूकंपात त्यांचे जुने घर पडले, त्यानंतर बांधलेले हे साधे, पत्र्याच्या छपराचे घर. त्यापूर्वी आचेतील बंडखोर आणि सरकार यांच्यातल्या सशस्त्र संघर्षाच्या वर्षांत त्यांना बाग सोडून शहरात नातेवाइकांकडे जावे लागले होते. १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत शांतता करार झाल्यावर त्या परतल्या, तेव्हा बागेत माणसाच्या उंचीचे गवत माजले होते. हे त्यांनी मला तक्रारीच्या सुरात नव्हे, तर कॉफीच्या झाडांचे वय सांगण्याच्या ओघात सांगितले : ही ओळ भूकंपाच्या आधीची, ही परतल्यावर लावलेली. राहण्याजेवणाचे दिवसाला १,००,००० रुपिया ठरले होते. ते इनेंनी माझ्या हातून घेतले नाहीत, म्हणून मी संस्थेमार्फत दिले. असा व्यवहार मध्यस्थामार्फत झाला तर दोन्ही बाजूंचा संकोच वाचतो.

दिवस पहाटे पाचच्या सुमारास फजरच्या अजानने सुरू होई. नमाज झाली की सून चूल पेटवी आणि काळ्या कॉफीसोबत ताडगुळासारख्या गुळाचा खडा मिळे. तो दाताखाली धरून कॉफीचा घोट घ्यायचा. आठच्या आत आम्ही बागेत असू. कॉफीला सावली देण्यासाठी सुबाभूळ लावलेली असते, तिला तेथे ‘लामतोरो’ म्हणतात. उतार तीव्र, माती काळी आणि निसरडी. तकेंगोनच्या बाजारातून गमबूट घेतले ते पहिल्याच दिवशी कामाला आले. तोडणी ऐकायला सोपी वाटते. प्रत्यक्षात एकाच घोसात हिरवी, पिवळी आणि लाल फळे एकत्र असतात आणि देठाची जागा न दुखवता केवळ लाल फळ फिरवून काढावे लागते, नाहीतर पुढच्या वर्षी त्या जागी कळी धरत नाही. फळे वजनाने नव्हे तर मापाने मोजतात. ‘बांबू’ हे साधारण दोन लिटरचे माप, आणि दहा बांबूंचा एक डबा. इनेंची सून पाठीवर घमेलेभर ओझे घेऊन ज्या सहजतेने चढ चढे, ते पाहून मला या पिकाच्या किमतीविषयी वेगळ्या रीतीने विचार करावासा वाटू लागला.

दुपारी घरामागे हाताने फिरवायच्या यंत्रातून फळांचा गर वेगळा काढायचा, बी रात्रभर आंबवायचे आणि सकाळी स्वच्छ पाण्यात हात बुडवून चिकटपणा जाईपर्यंत धुवायचे. गर बागेत खत म्हणून परत जातो. धुतलेले, टरफलासकट असलेले बी, म्हणजे ‘गाबाह’, ताडपत्रीवर पसरतात. येथून पुढचा काळ हा आकाशाकडे पाहण्याचा. नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर जवळजवळ रोज पाऊस येई. ढग दिसताच सगळ्या घरांतून बायका-मुले धावत आणि ताडपत्र्यांचे चारही कोपरे उचलून कॉफी मधोमध गोळा करत; ज्यांच्या घरी कोणी नसेल त्यांची ताडपत्री शेजारची माणसे न सांगता गुंडाळत. जेवण, नमाज, लहान मूल, काहीही असले तरी ताडपत्री आधी. गिलिंग बासाह या पद्धतीचे कारण मला तेथे उभे राहून समजले. इतक्या दमट हवेत टरफलासकट बी पूर्ण वाळवायला आठवडे लागतील आणि तोवर बुरशी धरेल. शिवाय घरात पैसा लवकर यायला हवा. म्हणून एखाद्या दिवसाच्या उन्हानंतर ओलसर गाबाह गावातल्या संकलकाला, म्हणजे माल गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याला, विकतात. तो यंत्रावर टरफल काढतो, तेव्हा बियांत तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा असतो. निळसर हिरवे, मऊ, कधी टोकाशी फाटलेले ते उघडे बी पुन्हा वाळवून बारा-तेरा टक्के ओलाव्यावर आणतात, बायका बसून निवडतात आणि मग ट्रक मेदानच्या बेलावान बंदराकडे जातात. भाजताना सुमात्राच्या बियांचा रंग फसवतो असे मी वर्षानुवर्षे म्हणत आले आहे. तो रंग कोठे तयार होतो हे आता पाहिले.

शुक्रवारी दुपारच्या सामूहिक नमाजामुळे पुरुष सकाळीच बागेतून परतत, आणि दुपारी गाव शांत असे. घरात नमाज चालू असताना मी स्वयंपाकघरात किंवा अंगणात बसे. कोणी मला त्यात सामील होण्याविषयी कधी सुचवले नाही. दिवाळी गावातच आली. खोलीत एक पणती लावू का, असे मी इनेंना आदल्या दिवशी विचारले, तेव्हा पडदा जळणार नाही ना, एवढेच त्यांनी विचारले आणि पणतीखाली ठेवायला एक ताटली दिली. खाण्यात भात, तिखट ठेचा, मासळीचे आंबट कालवण आणि लाउत तावारमध्येच सापडणारी देपिक नावाची बोटभर मासोळी. मी मासे खाते म्हणून निभावले. शुद्ध शाकाहारी व्यक्तीला टोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), अंडी चालत असल्यास अंडी, आणि भाज्या मिळतात, परंतु मसाल्यात सुकी मासळी नसावी असे वाटत असेल तर आधीच स्पष्ट सांगावे लागेल.

व्हिसाची मुदत वाढवणे हा तेथील सर्वांत अस्वस्थ करणारा टप्पा ठरला. ४ नोव्हेंबरला, मुदत संपण्यापूर्वी आठवडाभर, मी तकेंगोनला जाऊन चांगले नेटवर्क असलेल्या कॉफीच्या दुकानात बसून ऑनलाइन अर्ज केला आणि पुन्हा ५,००,००० रुपिया भरले. मंजुरी येईपर्यंत झोप लागत नव्हती, कारण मुदतीबाहेर राहिल्यास दिवसाला १०,००,००० रुपिया दंड आहे आणि गावात ज्यांनी माझी हमी घेतली त्यांना त्रास झाला असता. मंजुरी वेळेत आली. त्यानंतर, मे २०२५ अखेरपासून, नियम बदलला आहे : अर्ज ऑनलाइन केला तरी छायाचित्र आणि मुलाखतीसाठी इमिग्रेशन कार्यालयात जातीने जावे लागते. आता जाणाऱ्यांनी मुदतीच्या दोन आठवडे आधीच ही फेरी आखावी, आणि नवीन कागद मिळताच त्याची प्रत रेजेंकडे द्यावी. मी ती दिली, तेव्हा त्यांनी जुन्या प्रतीला टाचून ठेवली.

नोव्हेंबरच्या मध्यावर शेजारच्या गावात एका लग्नात रात्रभर ‘दिदोंग’ झाला. दोन गावांचे दोन संघ समोरासमोर बसतात, ‘चेह’ म्हणजे मुख्य कवी-गायक पद रचून गातो, आणि बाकीचे लहान उशांवर टाळ्यांचा ठेका धरतात. उत्तर-प्रत्युत्तराचा हा सामना पाहताना मला कलगी-तुऱ्याच्या फडाची आठवण झाली. शब्द मला फार थोडे कळत होते, पण शेजारी बसलेली इने दर कडव्यानंतर सोप्या इंडोनेशियनमध्ये अर्थ सांगत होती. त्यात कॉफीचा भाव होता, वाट पाहणारी आई होती आणि तळ्यातले कमी होत चाललेले मासेही होते.

२७ नोव्हेंबरला सर्वत्र स्थानिक निवडणुकांचे मतदान होते. त्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा भाव १९७७ नंतरच्या उच्चांकावर गेला आणि १० डिसेंबरला तो जुना विक्रमही मोडला. गावात भाववाढीच्या बातमीने आनंद होता, पण तो सारखा नव्हता, आणि हे मला येथे मुद्दाम नोंदवायचे आहे. जी कॉफी ओली असतानाच विकली जाते, ती साठवता येत नाही. ऑक्टोबरमध्ये शाळेच्या फीसाठी आणि खताच्या उधारीसाठी विकलेला माल पुढे वाढलेल्या भावाचा धनी झाला तो संकलकाच्या किंवा निर्यातदाराच्या गोदामात. ज्यांच्या झाडांवर अजून फळे होती त्यांना चांगला भाव मिळाला. इनेंची खालची बाग तोपर्यंत निम्मी तोडून झाली होती. सहकारी संस्थेच्या सभासदांना काही बोनस नंतर मिळतो, त्यावर त्यांची भिस्त होती. पुण्यात आम्ही एका कपाला जे पैसे घेतो त्याविषयी माझ्या मनात तेव्हापासून प्रश्न आहेत, आणि २०२५ पासून मी माल घेताना तो कोणत्या महिन्यात, कोणत्या भावाने शेतकऱ्याकडून उचलला, हे विचारून घेते.

९ डिसेंबरला गाव सोडले. आदल्या संध्याकाळी रेजे आणि इमेम यांच्याकडे जाऊन निघत असल्याचे सांगितले, नोंदवहीत तारखेसमोर सही केली आणि प्रत्येक घरी जाऊन ‘बेरिजिन’ म्हणजे आभार म्हटले. इनेंनी कच्च्या बियांची पिशवी देऊ केली, पण ती मी घेतली नाही : भारताच्या वनस्पती संगरोध नियमांप्रमाणे कच्चे बी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांच्याविना आणता येत नाही, आणि विमानतळावर ते जप्त होते. भाजलेली कॉफी मात्र आणली. विमानभाडे, दोन्ही व्हिसाशुल्के, स्थानिक प्रवास, राहणे-जेवण आणि गमबूट-ताडपत्रीसारखी किरकोळ खरेदी मिळून एकूण खर्च ऐंशी हजार रुपयांच्या थोडा आत राहिला.

पुढील हंगामासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांनी सहकारी संस्थेला जूनमध्येच पत्र लिहावे, इंडोनेशियन भाषेत लिहावे आणि आपण काय खातो, कोणासोबत येणार आणि किती काळ राहणार हे पहिल्याच पत्रात सांगावे. मार्च ते मे या काळातही लहान हंगाम असतो, पण रमजानच्या तारखा (२०२६ मध्ये फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत) आधी पाहाव्यात; त्या महिन्यात पाहुणा म्हणून जायचे असेल तर घरातील बाईंना दिवसभराचा उपवास सांभाळून आपल्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागणार नाही, याची व्यवस्था आधी ठरवून मगच तिकीट काढावे.